‘सोडल्यावर दोन वर्षं कुठंच शिकवायचं नाही’ : या कागदाची कोर्टात किंमत किती?



पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण घरातलं कुणी क्लासवर, दवाखान्यात, लॅबमध्ये, फायनान्समध्ये, शोरूमला कामाला असेल तर वाचा. आणि कामावर रुजू होताना त्याच्याकडून कसल्या कागदावर सह्या घेतल्यात, हे आज रात्रीच विचारा.

मागच्या रविवारी भाचा घरी आला. चेहरा उतरलेला. बहिणीनं आधी फोन केलेला होता, “दादा, लेकराला वकिलाची नोटीस आलीय, जेवत नाही.” पोरगा एम.एस्सी. फिजिक्स. अडीच वर्षं लातूरला एका क्लासवर शिकवत होता. कोणता क्लास ते विचारू नका, नाव लिहिणार नाही. महिना २८ हजार. सकाळी सहाला पहिली बॅच, रात्री नऊला डाउट सेशन. परीक्षा संपल्यावर, करारात लिहिल्याप्रमाणं एक महिन्याची लेखी नोटीस देऊन त्यानं काम सोडलं. मधेच पळून आला नाही, हे ध्यानात ठेवा. पुढं ते कामाला येणार आहे.

सोडलं कशासाठी? तर आपल्या जळकोटातच अकरावी-बारावीच्या पोरांसाठी क्लास काढायचा म्हणून. आपल्याकडची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे. ज्याच्याकडं पैसा आहे तो पोरगं लातूरला ठेवतो, रूम करतो, मेस लावतो. ज्याच्याकडं थोडा आहे तो उदगीरला पाठवतो. ज्याच्याकडं नाही, त्याची पोरगी बारावी सायन्स घेते आणि पुस्तकाकडं बघत बसते. लातूर पॅटर्नचं कौतुक महाराष्ट्रभर झालं. पण त्या पॅटर्नपर्यंत जायला एसटीचा पास लागतो, रूमभाडं लागतं, आणि हे आपल्या तालुक्यातल्या किती घरांना जमतं ते मी सांगायला नको.

तर नोटिशीत लिहिलं होतं की तुम्ही करारावर सही केली आहे. संस्था सोडल्यापासून दोन वर्षं लातूर व नांदेड जिल्ह्यात कोणत्याही क्लासमध्ये शिकवायचं नाही, स्वतःचा क्लास काढायचा नाही. काढल्यास पाच लाख रुपये नुकसानभरपाई. शिवाय “मा. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच अशा अटी वैध ठरवल्या आहेत” असं एक वाक्य, ठळक अक्षरात.

भाचा म्हणाला, “मामा, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय म्हणल्यावर काय राहिलं?”

मी वकील नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा आहे, आणि वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या. पण १९६७ चा निकाल म्हणल्यावर तो वाचायला काय हरकत आहे? उदगीरच्या एका वकील मित्राकडून काढून घेतला, दोन रात्री बसलो. मग आणखी चार निकाल वाचले. आणि वाचल्यावर जे वाटलं ते लिहितोय. राग आलेला आहे, तो लपवत नाही.

आधी मूळ कायदा. भारतीय करार कायदा, १८७२. त्याचं कलम २७. साध्या मराठीत सांगायचं तर, कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून कुणालाही अडवणारा करार हा त्या अडवणुकीपुरता रद्दबातल. बस, एवढंच. अपवाद एकच दिलाय, तो धंद्याचं नावलौकिकासह हस्तांतर करण्याचा. म्हणजे एखाद्यानं आपलं चालू सराफी दुकान पाटीसकट, गिऱ्हाइकासकट विकलं, तर विकत घेणारा म्हणू शकतो की बाबा, आता याच गल्लीत पुन्हा दुकान टाकू नको. ते रास्त आहे, त्यानं त्याचे पैसे मोजलेत. पण नोकरदारानं काय विकलेलं असतं? महिन्याचं काम विकलं, महिन्याचा पगार घेतला. हिशोब तिथल्या तिथं मिटला.

कलम एका ओळीचं आहे, पण त्यावर पहिला मोठा वाद दोनच वर्षांत उभा राहिला. १८७४, कलकत्ता. गंमत बघा, भानगड पितळी भांड्यांच्या दोन धंदेवाल्यांची. दोघं एकाच भागात. एकाला दुसऱ्याची स्पर्धा सोसेना. तो म्हणाला, तू इथला धंदा बंद कर, कारागिरांना तू जी उचल देऊन बसलायस ती मी तुला भरून देतो. उचल हा शब्द आपल्याला काही शिकवायला नको, ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक घराला तो पाठ आहे. दुसऱ्यानं विश्वासानं धंदा बंद केला. पहिल्यानं पैसे दिलेच नाहीत. कोर्टात गेल्यावर न्यायाधीश म्हणाले, धंदा बंद करण्याचा हा करारच कायद्यानं रद्द आहे, त्यामुळं त्यातले पैसेही मागता येणार नाहीत. बिचारा दोन्हीकडून गेला. माधव चंदर विरुद्ध राजकुमार दास या नावानं हा खटला अजून शिकवतात.

यातला कामाचा मुद्दा असा. त्यात युक्तिवाद झाला होता की सगळ्या देशात बंदी घातली तर चूक, पण फक्त एका भागापुरती घातली तर रास्त आहे. इंग्लंडात तसं चालायचं, अजूनही चालतं. तिथं कोर्ट बघतं की बंधन वाजवी आहे का. कलकत्त्याच्या कोर्टानं सांगितलं, आपल्या कायद्यात ‘वाजवी’ हा शब्दच नाही. थोडी अडवणूक असो की पूर्ण, रद्द म्हणजे रद्द. आता भाच्याच्या कागदात “फक्त लातूर व नांदेड जिल्हा” असं मोठ्या मनानं लिहिलंय, जणू बाकीचा महाराष्ट्र मोकळा सोडला. जळकोटच्या माणसाला लातूर आणि नांदेड सोडून कुठं जायचं? आपण तर बसलोयच दोन्हींच्या शिवेवर. इकडं मुखेड, तिकडं उदगीर.

आता येतो त्या १९६७ च्या निकालाकडं, ज्याच्या नावानं घाबरवलं जातं.

निरंजन शंकर गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग कंपनी. नावावरून कळलंच असेल, आपलाच मराठी माणूस. कंपनीचा कल्याणला सेंच्युरी रेयॉन कारखाना. टायरच्या आत जो मजबूत धागा असतो तो बनवण्याची पद्धत कंपनीनं हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांशी १९६१ साली करार करून आणली होती, आणि ती गुप्त ठेवायचं वचन दिलं होतं. १९६३ साली गोलिकारींना शिफ्ट सुपरवायझर म्हणून घेतलं, पाच वर्षांच्या कराराने. कंपनीनं त्यांना त्या विषयाचं प्रशिक्षण दिलं. करारात अट होती की पाच वर्षांच्या आत सोडलं, तर उरलेल्या मुदतीत दुसऱ्या कुणाकडं हेच काम करायचं नाही. दीड-पावणेदोन वर्षांतच, १९६४ च्या ऑक्टोबरात, त्यांनी राजीनामा पाठवला आणि राजस्थानात कोट्याला, तोच धागा बनवणाऱ्या कंपनीत जास्त पगारावर रुजू झाले. पगार महिना ५६० रुपये. (होय, तेच कोटा, जिथं आता देशभरची पोरं क्लासला जातात. योगायोग.)

सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, हे खरं. पण काय म्हणून दिला? कोर्टानं त्यांना कायमचं अडवलं नाही. नोकरी संपल्यावर दोन वर्षं, तीन वर्षं असंही अडवलं नाही. पाच वर्षांचा करार जिथं संपत होता, म्हणजे मार्च १९६८, तिथपर्यंतच अडवलं. कोर्टाचं म्हणणं असं की करार चालू असताना ‘माझ्याकडंच काम कर’ म्हणणं वेगळं, आणि करार संपल्यावर ‘कुठंच काम करू नको’ म्हणणं वेगळं. पहिलं साधारणपणे चालतं, तेही फार जाचक नसेल तर. दुसऱ्याची गोष्ट निराळी.

म्हणजे नोटिशीत जे ठळक अक्षरात लिहिलंय तो निकाल भाच्याच्या प्रकरणाला लागूच होत नाही. त्याचा करार मुदत देऊन, रीतसर संपलेला. वकीलसाहेबांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांना माहीत आहे की एम.एस्सी. झालेलं पोरगं निकाल उघडून वाचणार नाही, घाबरून आईला सांगेल आणि आई रडेल. तेवढ्यावर त्यांचं काम होतं.

करार संपल्यानंतरचं काय, हे बघायचं तर झहीर खानचा खटला बघा. आपला श्रीरामपूरचा झहीर. २००० साली तो नवा नवा संघात आला तेव्हा मुंबईच्या पर्सेप्ट डी’मार्क कंपनीशी जाहिरातींची कामं बघण्याचा तीन वर्षांचा करार केला. अट होती की मुदत संपल्यावर दुसरी कंपनी काही देऊ करत असेल, तर आधी आम्हाला सांग, आम्ही तेवढेच दिले तर आमच्याकडंच राहा. वरवर बघितलं तर ही बंदी पण नाही, फक्त पहिला हक्क. तरी २००६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, मुदत संपल्यावर माणसाला असं बांधून ठेवणं कलम २७ मध्ये बसत नाही. आता झहीरला पहिल्या हक्काच्या साध्या अटीनं बांधता येत नसेल, तर भाच्याला दोन जिल्ह्यांत शिकवूच नको म्हणून बांधता येईल?

मागच्या वर्षी, जून २०२५ मध्ये, दिल्ली हायकोर्टानं एका सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या बाबतीत हेच पुन्हा सांगितलं. तीन वर्षांची बंदी होती. खालच्या कोर्टानं त्याला अडवलंही होतं. हायकोर्टानं ते आदेश बाजूला केले. १८७२ पासून २०२५ पर्यंत एवढी सरळ रेघ दुसऱ्या कायद्यात क्वचित सापडेल.

बाहेर काय चाललंय तेही सांगतो, कारण आपल्याकडं “अमेरिकेत असंच असतं” म्हणायची पद्धत आहे. अमेरिकेत राज्याराज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात अशा अटी रद्दच, आणि तोही कायदा १८७२ चाच, आपल्या जुळ्या भावासारखा. सगळ्या संगणक कंपन्या तिथं वाढल्या, माणसं इकडून तिकडं गेली, कुणाचं काही बुडालं नाही. बाकीच्या बऱ्याच राज्यांत मात्र चालतं. इतकं की जिमी जॉन्स नावाच्या सँडविचच्या दुकानांनी सँडविच बनवणाऱ्या पोरांकडूनसुद्धा असे कागद लिहून घेतले होते. बोंबाबोंब झाल्यावर २०१६ मध्ये सोडलं. २०२४ साली तिथल्या केंद्र सरकारच्या आयोगानं देशभर बंदी आणली, ती टेक्ससच्या कोर्टानं चार महिन्यांत उडवली. म्हणजे तिथं जे अजून भांडून मिळवायचंय ते आपल्याकडं दीडशे वर्षांपूर्वी छापून ठेवलंय. फक्त कुणी वाचत नाही.

वाचत नाही, यात मीही आलो. आता हे लिहायचं नव्हतं, पण भाच्याला सल्ला देताना मलाच लाज वाटली म्हणून लिहितो. २०११ साली मी एका दैनिकाचं काम सोडलं. नाव नाही लिहीत. रुजू होताना एका कागदावर सही घेतली होती, सोडल्यावर एक वर्ष जिल्ह्यात दुसऱ्या वर्तमानपत्राचं काम करायचं नाही. मानधन किती, तर पेट्रोल भागत नव्हतं एवढं. पण सोडल्यावर आठ महिने मी दुसऱ्या कुणाची एक ओळ लिहिली नाही. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, नाही म्हणलं. तहसीलसमोर झेरॉक्सच्या दुकानात बसलो. बायको म्हणायची, त्यांनी काही विचारलंय का तरी? कुणी विचारलं नव्हतं. त्यांना तो कागद कुठल्या फाइलीत आहे हेही आठवत नसेल. मीच माझ्यावर पहारा करत होतो. आणि दुसऱ्यांच्या हक्काच्या बातम्या लिहिणारा मी!

म्हणून माझं म्हणणं ऐका. ही अट कोर्टात टिकते की नाही, एवढाच प्रश्न नाही. ती लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा कोर्टात जायचंच नसतं. कागदाचं काम सहीच्या दिवशीच सुरू होतं, माणूस हिंमत करत नाही तेवढ्यात पुरं होतं. दुसरा क्लासवाला “कशाला लफडं” म्हणून घेत नाही. पगार वाढवून मागायची सोय राहत नाही, कारण सोडून जाणार कुठं? माझ्या मते अशा अटीचा खरा उपयोग हाच आहे, पगार दाबून ठेवणं. बाकी सगळं सजावट.

आणि लोकांना वाटतं की बाँड पेपरवर लिहिलंय म्हणजे झालं. आपल्याकडं स्टॅम्प पेपरलाच बाँड म्हणतात, त्यामुळं गोंधळ आणखी वाढतो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टॅम्प पाचशेचा झाला. पण कायद्यानं जे रद्द आहे ते पाचशेच्या कागदावर लिहा नाहीतर पाच हजारांच्या, रद्दच राहतं. नोटरीचा शिक्का मारला तरी.

आता दुसरी बाजू. ही न सांगता पोस्ट टाकली तर पोरं अडचणीत येतील. व्हॉट्सॲपवर “सगळे बाँड फाडून टाका” असं काही जण लिहितात, ते अर्धवट आहे.

नोकरी संपल्यानंतरची बंदी वेगळी आणि ‘किमान इतकी वर्षं काम करीन, नाहीतर इतके पैसे भरीन’ हा बाँड वेगळा. दुसरा टिकू शकतो. १४ मे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा विजया बँकेचा निकाल तोच आहे. बँकेची अट होती, तीन वर्षं नोकरी, आधी सोडली तर दोन लाख रुपये. एका अधिकाऱ्यानं २००९ साली आधीच सोडली, दुसऱ्या बँकेत गेले, पैसे निषेध नोंदवून भरले आणि परत मागायला कोर्टात गेले. कर्नाटक हायकोर्टात जिंकले. सुप्रीम कोर्टात हरले. कोर्ट म्हणालं, ही दुसरीकडं काम करायला बंदी नाही, नोकरी चालू असतानाची अट आहे. सरकारी बँकेला भरतीचा मोठा खर्च येतो, आणि त्या पदाच्या मानानं रक्कम जास्त नाही. म्हणजे पोरांनो, वर्षाच्या मध्यात, डिसेंबरात, बारावीच्या पोरांना वाऱ्यावर सोडून दुसऱ्या क्लासनं दोन हजार जास्त दिले म्हणून पळाला असाल, तर तुमची बाजू तेवढी भक्कम नाही. कायद्यानंही नाही आणि माझ्या मतेही नाही.

तिथंही कागदावरची रक्कम म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. द्यायची ती वाजवी भरपाई. २८ हजार पगाराच्या माणसाकडून पाच लाख? कोणत्या प्रशिक्षणाचे? भाच्याला त्या क्लासनं शिकवलं काय, तर हजेरीचं ॲप कसं वापरायचं.

आणि कुणालाही जबरदस्तीनं कामावर ठेवता येत नाही. कोर्ट भरपाई द्यायला लावेल, पण हाताला धरून फळ्यापुढं उभं करणार नाही.

क्लासवाल्यांचंही ऐकून घेतलं मी. एका ओळखीच्या क्लासचालकाशी तासभर बोललो (नोटीसवाले ते नव्हेत). ते म्हणाले, “साहेब, आम्ही बॅनर लावायचे, शाळाशाळांत फिरायचं, पोरं जमवायची, एसी हॉल घ्यायचा. मास्तर दोन वर्षांत नाव कमावतो, आणि जूनला समोरच्या बिल्डिंगमध्ये बोर्ड लावतो. सोबत दीडशे पोरं घेऊन जातो. आम्ही काय करायचं?” लातूरच्या ट्यूशन एरियात जो फिरला असेल त्याला कळेल की हे काही खोटं रडणं नाही. एका मास्तरच्या फोटोवर बॅचेस भरतात तिथं.

पण त्याला उपाय आहेत, आणि ते कायद्यात बसतात. नोटीस पिरियड एकाऐवजी तीन महिन्यांचा ठेवा. सत्र पूर्ण करायची अट ठेवा, सत्र पूर्ण केल्यावर वेगळा बोनस द्या. क्लासनं छापलेल्या नोट्स, टेस्ट सिरीज, पोरांच्या फोन नंबरची यादी, हे मास्तरनं न्यायचं नाही, हे लिहून घ्या. ते मागायला तुम्हाला जागा आहे. नोकरीत असताना क्लाससाठी तयार केलेलं साहित्य, उलट काही ठरलेलं नसेल तर, कॉपीराइट कायद्यानं सहसा मालकाचंच असतं. पण न्यूटनचे नियम तुमचे नाहीत. समजावून सांगायची हातोटी तुमची नाही. ती पोरानं आईबापाच्या पैशानं आणि स्वतःच्या डोक्यानं मिळवलेली आहे, ती त्याच्यासोबत एसटीत बसून गावाकडं येणारच.

हे मी क्लासवाल्यांना म्हणलं. ते म्हणाले, तीन महिन्यांचा पगार कोण देणार? म्हणलं, हां, मग आता कळलं.

बाकी तालुक्यात चौकशी केली तर हे लोण कुठवर पोचलंय बघून चाट पडलो. लॅब टेक्निशियनकडून लिहून घेतलंय. चष्म्याच्या दुकानातल्या पोराकडून घेतलंय. मोबाईल रिपेअरिंग शिकणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या बापाकडून घेतलंय, दोन वर्षं गावात दुकान टाकायचं नाही म्हणून! कुठून तरी एक नमुना आलाय, सगळे तोच टाइप करून घेतात. एकात तर वर मुंबईच्या कंपनीचं नाव पुसायचं राहिलं होतं.

पण माझ्या लेखी त्या अटीपेक्षा भयंकर दोन गोष्टी आहेत, आणि याच दोन गोष्टींनी भाच्याची झोप उडालीय. एक, मूळ मार्कमेमो आणि पदवी प्रमाणपत्र ठेवून घेणं. दोन, सही केलेले कोरे चेक.

मूळ कागद अडवून माणूस बांधून ठेवण्याचा हक्क कोणत्याही कायद्यानं नोकरी देणाऱ्याला दिलेला नाही. पण पोलिसांकडं गेलं की “दिवाणी बाब आहे” म्हणून परत पाठवतात. तोवर इकडं भरतीची तारीख निघून जाते. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या. दिले असतील तर आजच लेखी मागा, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. तोंडी मागितलेल्याला कोर्टात पुरावा नसतो.

चेकचं प्रकरण जास्त नाजूक. कलम २७ च्या जोरावर तुम्ही निर्धास्त बसाल आणि तिकडं कोऱ्या चेकवर पाच लाखांचा आकडा भरून बँकेत टाकला जाईल. मग केस कराराची राहत नाही, चेक बाउन्सची होते. कलम १३८, फौजदारी, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यात कोर्ट आधी धरून चालतं की चेक देणं लागत होता म्हणूनच दिलाय. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की स्वखुशीनं सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्यानं भरला तरी तेच धरलं जाईल; देणं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी सही करणाऱ्यावर. दाखवता येतं, जर मुळात देणंच बेकायदा असेल तर. पण तोवर तारखा पडतात. तेव्हा चेक दिले असतील तर त्यांचे नंबर लिहून ठेवा, ते नोकरीच्या वेळी तारण म्हणून घेतलेत, आपलं काही देणं नाही, असं सोडतानाच लेखी कळवा. चेक बाउन्स झाल्याची नोटीस आली तर पंधरा दिवस असतात. “बघू” म्हणून पाकीट फ्रीजवर ठेवू नका. आपल्याकडं पाकीट फ्रीजवरच जातं.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या अटीवर. फोन नंबर १५१००, देशभर एकच.

आणि वकील मंडळींना, हात जोडून. अशील सांगेल ती नोटीस तुम्ही पाठवणार, तुमचा पेशा आहे. पण १९६७ चा निकाल अर्धा सांगून, पुढचा अर्धा गाळून, आईबापाला रडवणं हे कोणत्या पेशात बसतं? गोलिकारींचं नाव वापरताना मार्च १९६८ ही तारीख पण लिहीत जा की.

सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हा सगळी चर्चा पोरांचं वय, फी आणि परतावा यावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण जो फळ्यापुढं उभा राहतो त्याच्या करारात काय लिहिलंय, हे कुणी विचारलं नाही. राज्यानं क्लासेसचा कायदा करायचं मनावर घेतलं तर त्यात दोन ओळी टाकायला काय जातंय? मूळ कागद आणि कोरे चेक घेणाऱ्याची नोंदणी रद्द. आपल्या आमदारांना मी हे लेखी देणार आहे, कॉपी इथं टाकीन.

भाच्याचं सांगायचं राहिलं. उत्तराची नोटीस तयार आहे, वकील मित्रानं फी घेतली नाही, चहावर काम झालं. दीड पान आहे. त्यात कलम २७, त्यात झहीर खान, त्यात चेकचे दोन्ही नंबर, आणि आठ दिवसांत मूळ कागद परत द्या म्हणून. सोमवारी आम्ही दोघं लातूरला जाऊन हातोहात देणार, पोच घेणार. बहीण अजून म्हणतेय, “मोठ्या लोकांशी कशाला वैर.” पोरगं मात्र काल दोन भाकरी जेवलं. बसस्टँडकडं एक खोली बघून ठेवलीय त्यानं, वीस पोरं बसतील एवढी. मालकाला हजार रुपये इसार दिलाय, मला न विचारता.

तुमच्याकडं असा कागद असेल तर नाव, नंबर झाकून फोटो इनबॉक्सला पाठवा. कोणाचंही नाव बाहेर जाणार नाही, ही माझी जबाबदारी. मला फक्त बघायचंय की आपल्या तालुक्यात हा नमुना किती जणांच्या गळ्यात आहे. कमेंटमध्ये क्लासची नावं टाकू नका, डिलीट करावी लागतील. सोमवारी लातूरला काय झालं ते मंगळवारी सांगतो.